पाच बाय तीस

दिवसभर मी वाढदिवस करतो.
भावी नगरसेवकांच्या गळ्यातली साखळी जाड करतो,
दशक्रियेच्या फोटोतल्या म्हाताऱ्यांना
दुसऱ्याच्या अंगातला कोट घालतो.
शटर अर्धं ओढलं की मग
भुसावळ उघडतो.

एकशे सत्त्याऐंशी लेअर झालेत.
लांबून पाहिलं तर डोंगर,
काळ्या शाईचे, एकामागे एक,
दूरचा फिका, त्याहून दूरचा नुसता सुस्कारा.
जवळ या.
कडे म्हणजे हायटेन्शनचे मनोरे आहेत
एकावर एक रचलेले, तारांसकट.
सुळक्यावरचे देवदार मोबाइल कंपन्यांचे.
धबधबा यार्डातून उचलला:
बावीस रूळ उभे करून कड्यावरून सोडले,
तळाशी एक मालगाडी फेसासारखी फुटते.
दीपनगरच्या चिमण्या तशाच ठेवल्या.
त्यांना डोंगर व्हायला फार काही करावं लागलं नाही.

जुने चिनी चित्रकार धुकं काढायचे
म्हणजे काढायचेच नाहीत,
रेशीम कोरं सोडायचे
आणि त्या कोऱ्यात दरी, नदी, पहाट, ज्याला जे हवं ते.
मला तिथंच अडलं.
आमच्याकडे कुठलं धुकं?
मे महिना, सत्तेचाळीस, दुपारचे दोन.
जामनेर रोडचं टोक पांढरं होतं,
रिक्षा आधी चाकांवाचून तरंगते,
मग रिक्षावाचून नुसता हॉर्न येतो.
घरी आलो
आणि न जेवता एकोणीस लेअर पुसले.
आमचं कोरं रेशीम म्हणजे ऊन.

युनूस मणियार मशीनवर असतो.
"भाऊ, अर्धं तं खालीच हाय.
रिकाम्या जागेचे पैसे कोन देईन?
आपला रेट चौरस फुटाचा."
कोणीच देणार नाही, म्हटलं, लाव.

रात्रभर हेड जात-येत राहिलं.
डोंगरावर खरखर,
तारांवर बारीक चिरचिर,
आणि उन्हाच्या पट्ट्यात शिरलं की शाई गप्प,
नुसता पट्टा सरकल्याचा सर्र... सर्र...
युनूसच्या हातातला चहा निवून गेला.
सकाळी त्यानं न सांगता उजवीकडून बघायला घेतलं.
चिनी गुंडाळी तिकडूनच उलगडते.
"आपली उर्दूबी तिथूनच निघते," तो म्हणाला.
बाकी सगळे
शेवटापासून सुरुवात करतात.

कौसल्याबाई भारंबे नातवाच्या बारशाचं बॅनर सांगायला आल्या.
पिशवी खाली ठेवली.
"हे कोन्तं गाव व्हय?"
आपलंच.
चष्मा कपाळावर सरकवून
त्या फ्लेक्सला नाक लावून चालू लागल्या, पाच पावलं,
परत दोन मागे.
चिमण्या ओळखल्या.
तिथून बोट निघालं, जणू बांधावरून:
"हे आमचं वावर.
मंग चिंच.
मंग घर."
बोट कोऱ्यावर थांबलं.
"तुले कसं ठाऊक रे, भाऊ,
तठी आता काहीच नाही म्हून?"

राखेच्या तळ्याखाली गेलेलं गाव
मी कधी पाहिलं नव्हतं.
मी ऊन सोडलं होतं.
तसं सांगायला तोंड उघडलं
आणि बारशाचा मजकूर लिहून घेतला.
बाळाचं नाव अजून ठरायचं होतं.
तिथंही जागा सोडली.

असल्या चित्रात पुलावर एक माणूस असतो,
तांदळाच्या दाण्याएवढा, काठी टेकत कुठंतरी निघालेला.
माझ्याकडून तो राहिलाच.
कोपऱ्यात लाल चौकोनी शिक्का असतो,
तिथं दुकानाचा नंबर टाकायचा होता, तोही राहिला.

रात्री फाइल उघडली.
चिमणीच्या उगवतीला, त्यांचं बोट थांबलं तिथं,
एक चिंच काढली. खोड, फांद्या, पानं बारीक बारीक.
मग तिचा काळा उतरवत आणला:
चाळीस टक्के, अकरा, दोन.
स्क्रीनवर काही उरलं नाही.
छापल्यावरही दिसणार नाही कोणाला.

पण हेड त्या पांढऱ्यातून जाताना
एका जागी
जरासं चिरकेल.
युनूसला सांगून ठेवलंय, ऐक म्हणून.